सही करायच्या आधी वाचा

चावडी : वाचकांचे प्रश्न, आक्कांची उत्तरं

या महिन्यात पत्रं बरीच आली, आणि त्यात ग्रामपंचायतीवर नव्यानं निवडून आलेल्या बायकांची जास्त. पहिलं पत्र मी दोनदा वाचलं. त्याचं उत्तर लांबलं आहे, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

आक्का, मी राखीव जागेवरून सदस्य झाले त्याला अकरा महिने झाले. मासिक सभेला मला बोलावत नाहीत. शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहायची वही, घरी घेऊन येतो, मालक म्हणतात, कर सही, आणि मी करते. परवा कळलं की आमच्या आळीतल्या गटाराचा निधी दुसऱ्याच कामाला वळवलाय. त्या ठरावावर माझी सही तर आहेच, वर सूचक म्हणून नावही माझंच आहे. आळीतल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. काय करू?
— एक सदस्या, जि. सोलापूर

ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझं घर दिसलं.

१९९७ साली आमच्या गावचं सरपंचपद बाईला सुटलं. मी सातवी शिकलेली, म्हणून सासऱ्यांनी माझं नाव पुढं केलं. निवड झाल्यावर महिन्याभरात शिपाई दारात आला. पिशवीत गुंडाळलेलं लांबडं रजिस्टर, लाल कापडी पुठ्ठ्याचं, आणि सोबत शाईचा पॅड. अंगठा लावायला. मी म्हटलं, मला सही येते. त्यानं पान उघडून दिलं. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारलेली. मी फुलीवर सही केली. असे पाच महिने गेले.

सहाव्या वेळी माझी चौथीतली पोर शेजारी बसली होती. तिला नवंनवं वाचायचं वेड. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "विषय क्रमांक चार. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च मंजूर करणे. सर्वानुमते मंजूर." व्हॉल्व्ह कुणी बदललेला नव्हता. त्या दिवशी पहाटे मी स्वतः विहिरीवरून चार घागरी आणल्या होत्या. सरपंच मी, आणि मंजूर करणाऱ्यांत पहिली सही माझी.

पुढच्या महिन्यात मी कार्यालयात गेले. मला खुर्ची नव्हती, दाराजवळच्या बाकावर बसले. कुणी काही बोललं नाही, पण कुणी सुरूही करेना. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे. प्रत्येक मासिक सभेचा पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचून! मी ग्रामसेवकांना एवढंच म्हटलं, "भाऊसाहेब, वाचा." चाळीस मिनिटं लागली. व्हॉल्व्हचा ठराव आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, दोन सदस्य उठून तंबाखू थुंकायला बाहेर गेले. व्हॉल्व्ह दीड महिन्यात बसला.

आता तुमचं. मासिक सभा दर महिन्याला घ्यावीच लागते, ते कुणाच्या मर्जीवर नाही. सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी, विषयांसह, प्रत्येक सदस्याला मिळाली पाहिजे. नोटीस घेताना सहीखाली तारीख टाका. ती आली नाही तर सरपंचांना लेखी पत्र द्या, "अमुक सभेची नोटीस मिळाली नाही," आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रार करू नका. तोंडी बोलणं गावात वाऱ्यावर जातं, आणि ज्याचं वजन जास्त त्याचंच तोंडी बोलणं खरं धरलं जातं. तुमच्याकडं वजन नाही म्हणून तर कागद पाहिजे.

प्रोसिडिंग बुक घरी आलं तर सही करू नका. त्या वहीची जागा कार्यालयात आहे. शिपायावर रागावू नका, तो हुकमाचा माणूस आहे. "सभेला येऊन करते," एवढं सांगा. सभेत एखादा ठराव पटला नाही तर गप्प बसून सही करू नका, "माझा विरोध नोंदवा" म्हणा, आणि नोंद झाल्यावरच सही करा.

गटाराच्या ठरावाची नक्कल मागा. दिली नाही तर २००५चा माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज, तीस दिवसांत उत्तर. नक्कल हातात आली की गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज करा. त्यात खरं तेच लिहा : सभेला बोलावलं नव्हतं, सही घरी घेतली, सूचक म्हणून नाव परस्पर घातलं. "सही माझी नाहीच" असं मात्र लिहू नका. कुणी सल्ला दिला तरी नका लिहू. सही तुमचीच आहे आणि ती चूक कबूल केल्यावरच पुढचं खरं वाटेल.

मालकांशी भांडून उपयोग नाही. त्यांना एवढंच सांगा की उद्या निधीच्या अपहाराची चौकशी लागली तर वसुलीची नोटीस ज्याची सही त्याच्या नावानं येते. कायद्यात सदस्य असतो, सदस्याचा नवरा नसतो. आमच्या घरी ही गोष्ट सासऱ्यांना पहिल्यांदा समजली. पुढच्या सभेला तेच म्हणाले, "आज तू लवकर जा, स्वयंपाक होईल."

आणि एकटीनं जाऊ नका. १९९३च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या आहेत. म्हणजे तुमच्या पंचायतीत तुमच्यासारखंच घरी सही करणाऱ्या आणखी दोघी-तिघी नक्की आहेत. त्यांच्या घरी जाऊन या. आळीतल्या बायकांकडेही जा, पण नक्कल हातात घेऊन जा, आणि त्यांच्यापुढं वाचून दाखवा.

आक्का, आमच्या मारुतीच्या देवळामागं कमरेएवढा एक उभा दगड आहे. त्यावर एकावर एक असे तीन-चार कप्पे कोरलेत, माणसं आणि जनावरं आहेत. म्हातारी माणसं त्याला म्हसोबा म्हणतात, काहीजण सरदाराची समाधी म्हणतात. देवळाचा जीर्णोद्धार निघालाय आणि गवंडी म्हणतो, दगड चांगला आहे, पायात घालू. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझं कोण ऐकणार?
— एक विद्यार्थी, जि. अहिल्यानगर

बाळा, गवंड्याला आजच थांबव. तू लिहिलंयस त्यावरून तो वीरगळ दिसतो, म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड.

उद्या सकाळी ऊन तिरपं असताना जा, किंवा रात्री बॅटरी बाजूनं धरून बघ. समोरून उजेड पडला तर कोरीव काम दिसत नाही. आणि खालून वर वाच. सगळ्यात खालच्या कप्प्यात माणूस आडवा पडलेला असेल, जवळ गाई असतील तर तो गाई सोडवताना पडला. त्यावर लढाई, ढाल-तलवार, कधी घोडा. त्यावर दोन बाजूंनी अप्सरा त्याला धरून वर नेताना. सगळ्यात वर तो हात जोडून बसलेला, समोर पिंड. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्र-सूर्य : ते असेतो याची आठवण राहील. शिलाहार-यादवांच्या काळात असे दगड गावोगाव उभे राहिले, नंतरही राहिले. बहुतेकांवर अक्षर नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. समुद्राकाठी गलबतं, आपल्याकडं गुरं. ज्याच्यासाठी जीव द्यावा लागला ते दगडावर आलं.

जवळ कोपरात वाकवलेला बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. गाढवाचं चित्र असेल तर गधेगाळ, म्हणजे दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दिलेला शाप. त्यावर लेख असू शकतो, तो तर अजिबात हलवू नये.

आमच्या गावात एक वीरगळ गुरांच्या हौदाशी पालथा पडलेला होता. त्यावर माझ्या सासूनं धुणं आपटलं, मीही अकरा वर्षं आपटलं. हौद नव्यानं बांधायला घेतला तेव्हा तो दगड चौघांनी पहारीनं उलटवला. माती ओली होती. मी तांब्यानं पाणी ओतलं आणि बोटानं माती काढत गेले. आधी शिंगं लागली. मग सात गाई निघाल्या, एकीच्या पोटाशी वासरू. वासराचा कान माझ्या नखाएवढा. आणि त्यांच्या पायाशी तो माणूस. त्याचं नाव गावात कुणालाच माहीत नाही. पण त्यानं राखलेल्या गुरांच्या हौदावर आम्ही पाणी भरत होतो, आणि त्याच्याच पाठीवर कपडे आपटत होतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तू काय करायचं ते सांगते. दगडाचे चारही बाजूंनी फोटो काढ, शेजारी फूटपट्टी ठेवून. कुठं उभा आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे, ते लिहून ठेव. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, ऑइलपेंट यातलं काहीही लावू देऊ नकोस. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. शेंदूर लावतात त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्या शेंदरानंच तो आजवर वाचला असेल. तुझ्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना घेऊन ये. गावातली माणसं मुलाचं ऐकत नाहीत, पण पाहुण्याचं ऐकतात. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र आणि फोटो पाठव. ग्रामसभेत एक ठराव घे : देवळाच्या आवारात, आहे त्याच जागी, चौथरा करून दगड उभा ठेवावा. शंभर वर्षांहून जुन्या कोरीव दगडाला १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो. कुणी विकत मागायला आलं तर हे त्याच्या कानावर घाल.

म्हाताऱ्यांना मात्र "म्हसोबा नाही हो" असं तोडून सांगू नकोस. त्यांच्याजवळ बसून, तो दगड पूर्वी कुठं होता, त्याला नैवेद्य कधी दाखवायचे, कुठल्या घराचा मान होता, हे विचारून लिहून घे. ते कुठल्याच दप्तरात मिळणार नाही.

आमच्या गावाला बुद्रुक का म्हणतात? शेजारचं गाव खुर्द आहे आणि ते आम्हाला चिडवतात.
— इयत्ता आठवीतली वाचक, जि. पुणे

चिडवू दे. बुद्रुक हा फारसी 'बुजुर्ग'वरून आलेला शब्द, म्हणजे थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं झाली की सुलतानी अमदानीतल्या कागदांत त्यांना असं वेगळं दाखवत. पुण्याजवळचं आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द तुला माहीत असतीलच. गावाच्या नावाआधी 'मौजे' लिहितात तेही त्याच कारभारातलं, मौजे म्हणजे शेतीचं गाव आणि कसबे म्हणजे बाजारपेठेचं. घरात जुना सातबारा असेल तर वरची ओळ वाचून बघ.

आमच्याकडं सरपंचपदाची बोली लागली. जो देवळाला जास्त देईल तो सरपंच, बाकीच्यांनी अर्ज भरायचे नाहीत. गाव खूश आहे : निवडणुकीचा खर्च वाचला, भांडणं टळली, देवाचं काम झालं. मला का बरं वाटत नाही?
— एक शेतकरी, जि. नाशिक

बरं वाटत नाही कारण ते बरं नाही.

तुमच्याच जिल्ह्यात देवळा तालुक्यातल्या उमराण्याचं २०२१ सालचं आठवा. देवळाच्या कामासाठी दोन कोटींच्या वर बोली गेली, त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली, आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीचीही तशीच. दोन्हीकडं पैसा देवळाच्याच नावानं होता.

बिनविरोध निवडणूक वेगळी आणि लिलाव वेगळा. दुसऱ्या कुणी आपणहून अर्ज भरला नाही, किंवा बोलून-समजून मागं घेतला, तर ते बिनविरोध. ते मी स्वतः एकदा घडवलंय, त्यात वाईट काही नाही. पण पैसे मोजले नाहीत म्हणून अर्ज भरायचा नाही, असं ठरलं की तुमच्या आळीतल्या मजुराचा, विधवेचा, भावकी नसलेल्या माणसाचा उभं राहायचा हक्कच गेला. शिवाय आता सरपंच थेट जनतेतून निवडायचा असतो : २०१७ला तो कायदा आला, २०२०ला गेला, २०२२ला परत आला. म्हणजे गावातल्या प्रत्येक मतदाराचं एक मत त्या बोलीत विकलं गेलं, आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

बोलीच्या बैठकीला बायका किती होत्या, तेवढं आठवून बघा. आमच्या पट्ट्यात अशी एक बैठक झाली ती पारावर, रात्री साडेनऊला. त्या वेळी बायका भांडी घासत असतात.

आणि ज्यानं वीस लाख मोजले तो ते देवाला देऊन मोकळा होत नाही. वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीच्या खात्यावर येतो. रस्ता चार इंच जाड व्हायचा तो अडीच होतो. दोन पावसाळ्यांत खडी वर येते, तेव्हा देवळाच्या नव्या कळसाखालून तुम्हीच त्या खडीवरून सायकल ढकलत जाता.

देऊळ बांधायचं तर घरटी वर्गणी काढा, पावती पुस्तक छापा, हिशेब फळ्यावर लावा. पाच वर्षं लागली तर लागू देत. आमच्या भैरोबाच्या सभामंडपाला सात लागली, आणि कुठल्या घरानं किती पोती सिमेंट दिलं ते आजही फळ्यावर आहे. बोलीबद्दल तहसीलदारांकडं लेखी तक्रार द्या. एकट्याची सही टाकायची भीती वाटत असेल तर पाच जणांची टाका.

आक्का, घरपट्टीच्या पावतीवर आमच्या वस्तीचं नाव अजून जातीचंच येतं. माझी मुलगी पाचवीत आहे. शाळेत पत्ता लिहायला सांगितला तर तिनं ती ओळ कोरी सोडली. मी पंचायतीत बोललो तर म्हणाले, नाव बदलून काय होणार, रस्ता मागा. एक जण म्हणाला, तो गावाचा इतिहास आहे, पुसायचा का?
— एक वाचक, जि. सातारा

मुलीनं कोरी सोडलेली ओळ हेच तुमच्या अर्जाचं पहिलं वाक्य करा.

राज्य सरकारनं २०२०च्या डिसेंबरातच ठरवलंय की वस्त्यांची, रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवलेलीही आहेत. तेव्हा तुम्ही मेहरबानी मागत नाही, राहिलेलं काम करायला सांगताय.

इतिहासाचं म्हणाल तर मी सांगते तो काय आहे. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवणं, शीव राखणं, चावडी झाडणं, मयताचा सांगावा घेऊन कोसकोस पायी जाणं, हे सगळं महारांकडं होतं, रात्री-अपरात्री, आणि त्याचं बलुतं सुगीला खळ्यावर, इतरांनंतर. शिवेच्या भांडणात मात्र त्यांचीच साक्ष प्रमाण धरत, कारण गावाची हद्द पायाखालून त्यांनाच माहीत. या वतनातून, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या गावकामातून, माणसं सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. ते त्या वेळी झालं नाही. वतन संपलं ते १ ऑगस्ट १९५९ला, मधे एकतीस वर्षं गेली. हा इतिहास कुणाला जपायचा असेल तर शाळेच्या भिंतीवर लिहा, मी रंगाचे पैसे देते. पाचवीतल्या पोरीच्या पत्त्यात तो ठेवायचं कारण नाही.

रस्ताही मागा. दोन विषय, दोन अर्ज. एकात घातले की एकाच्या नावाखाली दुसरा राहतो.

नाव मात्र वस्तीनं ठरवावं. आमच्याकडं ग्रामसभेत चर्चा निघाली तेव्हा वस्तीबाहेरचेच चौघे उठून नावं सुचवायला लागले. मी उठून म्हटलं, बारसं ज्याच्या घरचं त्याला बोलू द्या. मग वस्तीतल्या बायकांनी आधी आपली बैठक घेतली, दोन नावांवर हात वर केले, आणि रमाईनगर ठरलं. ग्रामसभेत ते फक्त वाचून दाखवलं. नव्या नावाची घरपट्टीची पहिली पावती आली तेव्हा सत्तरीच्या एका आजीनं ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. रकमेशी तिला देणंघेणं नव्हतं, वरची ओळच पुन्हा वाच म्हणायची.

तुम्ही असं करा. वस्तीची बैठक घेऊन हजर असणाऱ्यांच्या सह्या घ्या. बायकांच्या घ्याच, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथंही हा विषय मांडता येतो. मग ग्रामपंचायतीला अर्ज : ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर नामांतराचा विषय घ्यावा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तिचा फोटो काढून ठेवा आणि विषय आलाय का बघा. 'आयत्या वेळचे विषय' यात ढकलू देऊ नका, तिथं पोचेपर्यंत माणसं उठून जातात. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातला कमी आकडा लागतो. वस्तीतूनच साठ-सत्तर माणसं आली आणि उरलेला आकडा बाकी गावातून भरला तर सभा तहकूब करायला निमित्त राहत नाही. ठराव झाला की नक्कल घ्या, गटविकास अधिकाऱ्यांकडं पाठवल्याचं जावक पत्र बघा, आणि पुढच्या वर्षी नमुना आठला, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीला, नवं नाव चढलं का ते स्वतः वाचा. यावरून कुणी वस्तीचं पाणी, दळण, मजुरी तोडायची भाषा केली तर २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तक्रार पोलिसांत, आणि त्याच दिवशी.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरची धरून चाला. म्हणजे अर्ज १५ सप्टेंबरच्या आत आवक रजिस्टरला चढला पाहिजे. आवक क्रमांक मला पोस्टकार्डानं कळवा.